गाडीच्या पाया पडा

१

ब्रेकचा आवाज येतोय म्हणून कुणी आलं, की बाजीराव फिटर आधी त्याला तो आवाज तोंडानं काढायला लावायचा. "नुसतं येतोय म्हणू नका. करून दावा," असं म्हणून हा फडक्याला हात पुसत उभा. मग काय, बारामतीतल्या भल्याभल्या पागोटेवाल्यांनी इंदापूर रस्त्याच्या कडेला उभं राहून कधी मांजरासारखं किंचाळावं, कधी करवतीसारखं खरखरावं, आणि शेजारच्या चहावाल्यानं किटली खाली ठेवून हसावं. पण बाजीरावाला त्यातून बरोबर कळायचं. चीं म्हटलं तर लायनर झिजलंय, खर्र म्हटलं तर खडा शिरलाय, टक् म्हटलं तर आतली स्प्रिंग गेलीय. माणूस तापट होता, पण कानाचा पक्का होता.

त्या दिवशी सकाळी मोहनराव जीप घेऊन आले. कळंबचा माणूस, इंदापूर-बारामती वडाप करणारा, म्हणजे जीप भरून माणसांची ने-आण करणारा. वयानं मोठे, म्हणून बाजीराव त्यांना आबा म्हणायचा.

"ब्रेक दाबला की आवाज येतोय, बाजीराव. डाव्या अंगाला, मागल्या चाकात."

"करून दावा की, आबा."

मोहनरावांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग लाजल्यासारखे नुसते ओठ हलवून थांबले.

"न्हाय जमत. कुणीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटतंय आसं वाटतंय. लय हळू."

दुसरा कुणी असता तर बाजीरावानं त्याला तिथल्या तिथं फैलावर घेतला असता. "ब्रेक पुटपुटतोय? मग त्याला च्या पाजू का?" असं काहीतरी त्याच्या तोंडाशी आलंही होतं. पण समोर मोहनराव होते. त्या माणसापुढं बाजीरावाची जीभ सैल सुटत नसे.

त्याला कारण होतं. बाजीरावाची बायको सारजा बहिणीकडे कळंबला गेली असताना उसात तिला घोणस चावली. पाय मांडीपर्यंत सुजला, आणि रस्त्याला वाहन म्हणून काही मिळेना. मोहनरावांची जीप बारामतीकडे निघालेली, आत बाहेर माणसं लोंबकळलेली. सारजाला बघितल्याबरोबर त्यांनी सगळ्यांना तिथंच उतरवलं. "मागनं यष्टी येतीया, बसा तिच्यात," एवढंच बोलले. तिला मागच्या बाकावर निजवली आणि गाडी थेट दवाखान्याच्या दारात आणून उभी केली. डॉक्टर म्हणाले, जरा जरी उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं.

बाजीराव धावत दवाखान्यात पोचला तो थेट मोहनरावांच्या पायांवर कोसळायला. तर हा बाबा विंचू दिसल्यासारखा मागं सरला.

"हां हां! माझ्या न्हाय. पडायचंच आसंल तर गाडीच्या पाया पडा. तिनं आणलीया."

त्यांची रीतच ती. अडल्या बाळंतिणी, फवारणीचा पंप मारताना औषध नाकातोंडात गेलेली माणसं, छातीत कळ आलेले म्हातारे, कुणाला त्यांनी नाही म्हटलं नाही. पैसा घेतला नाही आणि पायाला हात लावू दिला नाही. मग बरी झालेली माणसं काय करणार? भंडाऱ्याची पुडी आणि नारळ घेऊन यायची, ज्या बाकावर निजवून आणलं त्याखालच्या डाव्या चाकाला तो पिवळाधमक भंडारा लावायची, टायरला डोकं टेकायची. सारजानंही टेकलं होतं. बाजीरावानंही. पण खरं सांगायचं तर त्याचं मन काही भरलं नव्हतं. रबराच्या पाया पडून माणसाचं मन भरतं होय?

२

चाक उतरवून बाजीरावानं ब्रेकचा ड्रम हातोडीनं ठोकून बाहेर ओढला आणि मोठ्यानं हसला.

"घ्या! ह्यो बघा तुमचा पुटपुट्या."

आत भंडारा होता. ड्रमच्या आतल्या अंगाला, लायनर जिथं घासतं तिथं हळदीचा करपलेला थर बसून चकाकत होता.

"चाकाला लावलेला आत गेलाय. आबा, हळद भाजीत बरी, ब्रेकमधी न्हाय. लायनर गुळगुळीत झालंय. उद्या ब्रेक लागणार न्हाय आन् मग सगळ्यांचीच पूजा."

"आता लोकांला न्हाय कसं म्हणू?"

"मी म्हणतो! मला लाज न्हाय." बाजीरावानं कानस मारून लायनर खरवडलं, ड्रम पेट्रोलनं धुतला, घट्ट बसवला. मग ब्रश घेऊन मागच्या पत्र्यावर स्वतःच्या वाकड्या अक्षरात रंगवलं : चाकाला भंडारा लावू नये. मोहनराव खिशात हात घालायला लागले, तसा हा खेकसला.

"हात भाईर काढा. माझी बायको सैपाक करती ती तुमच्यामुळं. पुन्यांदा खिशात हात गेला तर जीप अडकवून ठीवीन."

मोहनराव हसून निघून गेले. जाताना वळणावर त्यांनी ब्रेक दाबला, आणि बाजीरावानं सवयीनं कान दिला. काही नाही. स्वच्छ. दिवसभर त्याला बरं वाटत होतं. उपकार फिटत नसतात, पण थोडं खांद्यावरचं ओझं हलल्यासारखं झालं.

३

आठवडाही सरला नाही तोवर जीप पुन्हा दारात.

"कुणी लावला?" बाजीरावानं विचारलं.

"कुणीच न्हाय. आईच्यान्. मी सवता नजर ठिवून हाय."

"मग कोण, चाकाला सपान पडलं?"

त्यानं ड्रम काढला. या वेळी हसू आलं नाही. भंडारा आधीपेक्षा जास्त होता, आणि ताजा होता. ब्रेकच्या उष्णतेनं हळद करपते, काळी पडते, हे त्यानं मागच्या वेळी बघितलेलं. ही तर आत्ता पुडीतून काढल्यासारखी. वासही तसाच, देवळातला. आणि ड्रमच्या आतल्या गोल भिंतीवर चार बोटांचे ओढलेले पट्टे होते. कपाळावर मळवट भरताना ओढतात तसे.

बाजीरावानं स्वतःची बोटं त्या पट्ट्यांवर धरून बघितली. त्याची बोटं जाड. ही बारीक होती, बाईमाणसाची असावीत अशी.

'आपणच पुसताना उठवलेत,' त्यानं स्वतःला बजावलं. 'फडकं फिरवताना बोटं उमटतात. त्यात काय एवढं.' पण फडकं त्यानं फिरवलंच नव्हतं अजून.

मोहनरावांना यातलं काही न बोलता त्यानं सगळं धुतलं. मग ड्रमच्या मागच्या ताटलीतली बारीकसारीक भोकं लांबीचा लगदा भरून बुजवली, कडेनं ग्रीसचा जाड थर दिला. आत आता मुंगी शिरली नसती. लांबी वाळेपर्यंत दोघं चहा पीत बसले.

"तुमच्यासंगं येतो," बाजीराव म्हणाला. "इंदापूरपोतर जाऊ आन् माघारी येऊ. गाडी मोकळीच घ्या. मला कानानं ऐकायचंय."

४

भर दुपारची वेळ. कारखाना चालू होता, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, पडलेली चिपाडं, धूळ. बाजीराव मागच्या बाकावर बसला, अगदी डाव्या चाकाच्या वर, सारजाला निजवली होती तिथंच. मोहनराव चालवत होते. बाजीराव ओरडायचा, "दाबा!" मोहनराव दाबायचे. जीप गपगुमान थांबायची. लासुर्णं गाव मागं पडलं तरी आवाज नाही.

"भोकं बुजल्यावर कसं गप झालंय बगा!" बाजीराव खुशीत म्हणाला.

पुढं कालव्याचा पूल आला. पुलाच्या तोंडाशी एक ट्रॉली आडवी झालेली, ट्रॅक्टरवाला खाली उतरून टायर बघत उभा. अंतर भरपूर होतं. मोहनरावांनी ब्रेक दाबला.

तेव्हा बाजीरावानं तो आवाज ऐकला.

पुटपुटणंच होतं. त्याच्या ढुंगणाखालून, बाकाच्या लाकडातून वर येत होतं. एक तोंड नव्हे, पुष्कळ तोंडं. देवाच्या गाभाऱ्याबाहेर रांगेत उभी असलेली माणसं आपापलं काहीतरी म्हणत असतात ना, एकाचं दुसऱ्याला कळत नाही, तसं. त्यात राग नव्हता. रडणंही नव्हतं. ऐकताना बाजीरावाच्या डोळ्यांत उगाचच पाणी आलं, इतकं ते मायेचं होतं.

आणि जीप थांबत नव्हती.

"आबा! दाबा की!"

"दाबलाय! पार खाली दाबलाय!"

मोहनराव ब्रेकवर उभे राहिले तसं ते पुटपुटणं आणखी दाटलं, आणखी मायेनं. जीप घसरत निघाली. शेवटी मोहनरावांनी गिअर खाली टाकला, हातब्रेक उपसला आणि चाक कडेच्या मातीच्या ढिगात घातलं. ट्रॉलीचा ऊस बोनेटला घासला आणि सगळं थांबलं. ट्रॅक्टरवाल्यानं दोन शिव्या दिल्या, मग मोहनरावांना ओळखलं आणि लगेच हात जोडले. "तुमी व्हय, आबा? माझ्या चुलतीला तुमीच न्हेलं हुतं." असं म्हणून तो, आता काय सांगावं, वाकून जीपच्या चाकाला हात लावून आला.

बाजीरावानं तिथंच रस्त्याच्या कडेला चाक काढलं. लांबीला तडा नव्हता. ग्रीसवर बोटाचा ठसा नव्हता. ड्रम ओढला तशी आतून भंडाऱ्याची रास बदकन त्याच्या मांडीवर पडली.

५

माघारी येताना ब्रेकचा भरवसा नव्हता. पहिल्या गिअरात, पायी चालल्यासारखी जीप बारामतीला आणली. गॅरेजात शिरल्यावर बाजीरावानं विचारलं.

"आबा, ह्या गाडीतनं न्हेलेली समदीच वाचली का?"

मोहनराव स्टुलावर बसले.

"समदी कशी वाचतील? काही दवाखान्याच्या दारात गेली. काही वाटंतच. कळंबची धोंडाबाई म्हातारी तर माझ्या पाठीमागं सारखं एकच बोलायची, तुज्या पाया पडते रं लेकरा, तुज्या पाया पडते. मी म्हणलं, माझ्या नगं आज्ये, गाडीच्या पड. बरी झालीस की ये आन् गाडीच्या पड. पूल आला तवा गप झाली."

"आन् दुसऱ्यांला?"

"समद्यांला त्येच म्हणतो की. माझी सवयच हाय."

बाजीरावाच्या मनात काय ते चमकून गेलं. पण तो पडला हट्टी. 'ड्रमच बाद असंल. नवा टाकू, प्रश्न मिटला,' असं मनाशी म्हणत त्यानं जॅक लावला आणि पाठीवर झोपून जीपखाली सरकला. बाहेर लख्ख ऊन होतं. चहावाला कुणाशी तरी भांडत होता. रस्त्यावरून यष्टी गेली. सगळं रोजच्यासारखं.

गॅरेजची जमीन मऊ मातीची, सकाळीच झाडलेली. जीपखालून त्याला डाव्या चाकाजवळची हातभर जमीन दिसत होती. तिथं कुणी नव्हतं.

तिथल्या मातीत दोन खळ्या पडल्या. शेजारी शेजारी. आवाज नाही, काही नाही. पोळी लाटताना गोळ्यात बोट दाबावं तशा हलकेच पडल्या. मग त्यांच्यापुढं, चाकाच्या अगदी बुडाशी, आणखी एक उथळ खळगा.

'उंदीर,' बाजीराव मनात म्हणाला. 'खालनं उंदीर पोखरतोय.'

खळ्या भरून आल्या नाहीत, पण जराशा बाजूला आणखी दोन पडल्या. हे गुडघे आहेत, ते कपाळ आहे, हे कळायला त्याला वेळ लागला नाही. कळू नये म्हणून त्यानं वेळ लावला. दुसऱ्या खळ्या लहान होत्या. पोराच्या. तिसऱ्या जोडीत एकच गुडघा टेकला, दुसरा पाय वाकत नसावा. जसजसा एकेक खळगा पडे, तसतसा त्याच्या डोक्यावरचा ड्रम गरम नसतानाही करकरे, आणि फटीतून पिवळं पीठ भुरभुरत त्याच्या तोंडावर येई.

त्यानं डोळे मिटून घेतले. भीती तर वाटत होतीच, खोटं कशाला बोला. पण त्याला सारजा आठवली. तीही अशीच, इथंच टेकली होती. तिची नि यांची भावना एकच. फरक एवढाच की ती संध्याकाळी घरी गेली. यांना कुणी सांगितलंच नाही की झालं, पोचलं, आता जा. ही गाडीच्या पाया पडतायत आणि गाडीला काही घेता येत नाही. म्हणून पुन्हा पडतायत. आणि पडता पडता एक दिवस ज्याच्यासाठी पडतायत त्यालाच कालव्यात घालतील.

तो सरपटत उलट्या बाजूनं बाहेर आला.

६

"आबा, पायातलं काढा," बाजीराव म्हणाला.

"आं?"

"चपला काढा आन् हितं बसा. चाकाच्या म्होरं. पाय सोडून."

"डोकं फिरलं का तुजं? तोंड कशानं पिवळं झालंय?"

"आबा, पाया पडतो, आयका," तो बोलून गेला आणि स्वतःच चपापला. "तुमी कुणाचंच घेतलं न्हाय. समद्यांला गाडीकडं लावून दिलं. बरी झालेली माणसं समजून घेत्यात. पण जी वाटंत गेली, त्यांनी तुमचा शब्द धरलाय. त्यांचा नमस्कार घिऊन टाका. न्हायतर ही गाडी तुमाला जित्तं ठिवत न्हाय."

मोहनराव हसणार होते. मग त्यांची नजर चाकापुढच्या मातीवर गेली. एक जोडी त्याच क्षणी उमटत होती. त्यांचं हसू ओठांवरच राहिलं.

"मी काय देव हाय व्हय रं?" ते अगदी बारीक आवाजात म्हणाले.

"देव न्हाय. पर त्यांला मागल्या बाकावर निजवणारं दुसरं कोण हुतं?"

मोहनरावांनी चपला काढल्या. काखेत धरून उगाच इकडंतिकडं बघितलं आणि मग ठेवल्या. जीपच्या डाव्या चाकाला पाठ टेकून, पाय पुढं करून जमिनीवर बसले. धुळीनं भरलेले, टाचा फुटलेले, ब्रेक-क्लच दाबून दाबून रापलेले पाय. दोन्ही हात मांडीवर. लग्नात मांडवात बसवलेल्या अवघडल्या बापासारखे दिसत होते.

"या," ते म्हणाले. घसा खाकरला. "या बाबांनो. घेतो मी. म्या घ्यायला पायजे हुतं."

थोडा वेळ काहीच झालं नाही. बाहेर चहावाल्याचं भांडण मिटलं होतं.

मग मोहनरावांच्या उजव्या पायाचा अंगठा दबला. नखाखालचं रक्त सरून नख पांढरं झालं, आणि कुणी कपाळ उचलल्यावर पुन्हा लाल झालं. अंगठ्यावर पिवळं बोट उठलं होतं. मोहनरावांच्या तोंडून सवयीनं आलं, "औक्षवंत..." आणि त्यांनी तो शब्द तिथंच सोडून दिला. अशांना काय आशीर्वाद द्यायचा असतो?

"असू दे," शेवटी मोहनराव म्हणाले. "असू दे, बाई. असू दे."

पुन्हा नख पांढरं झालं. "असू दे, बाळा." पुन्हा. "असू दे." त्यांचे डोळे मिटले होते आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी गालांवर वाहत होतं. पाय घोट्यापर्यंत पिवळे झाले. मागच्या चाकातून जे पुटपुटणं येत होतं ते कमी कमी होत गेलं. भरल्या देवळातली माणसं एकेक करून घराकडं निघावीत तसं. बाजीराव भिंतीला टेकून उभा होता. तिथून हलावंसं त्याला वाटेना. इतक्या जणांचं मन एकदम निवताना त्यानं कधी बघितलं नव्हतं.

ड्रम गप्प झाला. नुसतं ऊन आणि गाडीचा तापलेला पत्रा टिकटिक करत होता.

'संपली रांग,' बाजीरावाला वाटलं. आणि मग त्याला आठवलं. आपलंही राहिलंय की. हा माणूस आज पाय पुढं करून बसलाय, पुन्हा कधी बसेल?

तो पुढं झाला, गुडघ्यांवर बसला, वाकला. मोहनरावांचे डोळे अजून मिटलेलेच होते. बाजीरावानं आपला काळा, ग्रीसनं बरबटलेला हात त्यांच्या डाव्या पायावर ठेवला.

तिथं आधीच एक हात होता. दिसत नव्हता, पण होता. गार, सुरकुतलेला, पातळ कातडीचा. बाजीरावाचा हात त्यावर पडला तसा तो हात दचकला नाही, निघूनही गेला नाही. शेजारच्यासाठी आवरून घ्यावं तसा जरासा पलीकडं सरकला आणि त्याला जागा करून दिली.

बाजीरावानं श्वास रोखून कपाळ टेकवलं. कानाजवळ कुणीतरी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होतं. हात काढायची त्याची छाती झाली नाही.

"असू द्या," मोहनराव वरून म्हणाले. डोळे मिटूनच त्यांनी हात पुढं केला, बाजीरावाच्या डोक्यावर ठेवला, मग उचलून वीतभर बाजूला, मोकळ्या हवेत, तसाच अलगद ठेवला.

"उठा आता. दोघं बी उठा."